बाईंची गाडी: नाशिकरोडला मोबिलिटी स्कूटर निवडतानाचं एक प्रकरण

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजार-अपंगत्वातही रोजची कामं स्वतःची स्वतः करता यावीत म्हणून मदत करणारी, आणि माझं बरंचसं काम लोकांच्या घरी जाऊनच चालतं. मोबिलिटी स्कूटर म्हणजे चालायला त्रास होणाऱ्यांसाठीची, बसून हळू चालवायची बॅटरीची छोटी गाडी. खालचं प्रकरण बाईंच्या परवानगीने लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत. मोजमापं मात्र टेपने घेतलेली, तशीच ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

बाई ६५ वर्षांच्या. शाळेतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी जेल रोडच्या त्या सगळ्या गल्लीत त्यांना कोणी नावाने ओळखत नाही. दूधवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांच्या त्या ‘बाई’. मीही बाईच म्हणते. काका प्रेसमधून रिटायर झालेले. नाशिकरोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की नोटा किंवा स्टॅम्प छापणारी सरकारी. साध्या छापखान्याशी गल्लत होत नाही. मुलगा-सून पुण्याला.

बाईंना दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला. उजवा पाय जवळजवळ पूर्ण गेला. तेव्हापासून मांडीपर्यंतचं कॅलिपर, म्हणजे पाय ताठ धरून ठेवणारा बांधायचा आधार, आणि डाव्या हातात काठी. याच पायावर त्यांनी डी.एड. केलं, ३४ वर्षं वर्ग घेतले. १९९५ ला पल्स पोलिओ सुरू झाल्यावर रविवारी बूथवर बसून पोरांच्या बोटांना शाई लावायची ड्युटीही केली. “मी बसले की आयांना वेगळं समजवावं लागायचं नाही,” असं त्या हसत सांगतात. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला ती तारीख त्यांना पाठ आहे.

फिरण्यासाठी त्यांच्याकडे मागच्या बाजूला दोन जादा चाकं लावलेली स्कूटर वीस-बावीस वर्षं होती. ती चालवायला त्यांना कधीच अडचण आली नाही.

अडचण नेमकी कुठे होती

मला बोलावलं ते डाव्या खांद्यासाठी. खांदा वर उचलला की कळ, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. पन्नास-साठ वर्षं अर्धं शरीर त्या हाताने काठीवर तोललं होतं, तो कधीतरी बोलणारच होता. त्याच्या जोडीला दोन वर्षांपासून ‘चांगल्या’ डाव्या पायातही थकवा. दुपारनंतर पाय लटपटतो, पूर्वी जमायचं ते आता जमत नाही. न्यूरॉलॉजिस्टने पोस्ट-पोलिओचं निदान आधीच केलेलं होतं. पोलिओ होऊन गेल्यावर काही दशकांनी ही नवी अशक्तता येते. त्यात नेहमीचा सल्ला उलटा पडतो. जास्त व्यायाम करून, जास्त चालून ताकद वाढवायला जावं तर उरलेले स्नायू आणखी दमतात. इथे शक्ती जपून वापरायची असते.

हे घरात कोणाला पटत नव्हतं. काकांचं म्हणणं, “गाडीवर बसली की पाय कायमचा जाईल.” आपल्याकडे ही भीती घरोघरी आहे आणि गुडघेदुखीच्या कितीतरी पेशंटांच्या बाबतीत ती अगदीच चूक नसते. बाईंच्या बाबतीत चूक होती. मी त्यांना दिवसाचा हिशोब पैशांसारखा मांडून दाखवला. रोज शंभर रुपयेच मिळतात. त्यातले ऐंशी भाजी आणण्यात गेले, तर संध्याकाळी नातीशी खेळायला वीस उरतात. काकांना नोटांची उपमा लगेच पटली, हे वेगळं सांगायला नको.

दोनदा पडणं झालं होतं, आणि दोन्ही वेळा स्कूटरवरून उतरल्यानंतर. एकदा भाजीबाजारात, गाडी लावून आत चालताना. दुसऱ्यांदा बँकेच्या पायरीशी. जुनी स्कूटर त्यांना जागेपर्यंत पोहोचवत होती, पण तिथे पोहोचल्यावर पुढची शंभर-दोनशे पावलं त्यांची त्यांनाच टाकावी लागत. शिवाय ती चालवताना हँडल धरायला डावा खांदा लागायचाच.

आठ दिवसांची वही

पुण्याच्या मुलाने तोवर मोबाइलवर मोबिलिटी स्कूटरची तीन मॉडेल निवडून ठेवली होती आणि एक ऑर्डर करायच्या बेतात होता. त्याला मी आठ दिवस थांबवलं. या प्रकरणातला पहिला निर्णय हाच, आणि तो बरोबर ठरला.

बाईंना शाळेची दोनशे पानी वही दिली आणि सांगितलं, आठवडाभर जिथे जाल किंवा जायची इच्छा होऊन गेला नाहीत, ते सगळं लिहा. कुठे, किती लांब, रस्ता कसा, आत शिरायला काय. शिक्षिकेला असा गृहपाठ दिला की उत्तर नेटकं येतं. लाल पेनाने समासही आखलेला होता.

वहीतून काय दिसलं? दूध आणि किराणा दीडशे मीटरवर. भाजी सहाशे मीटरवर. बँक सव्वा किलोमीटर. आठवड्यातून दोनदा एका मैत्रिणीकडे भजनाला, नऊशे मीटर. मुक्तिधाम मंदिर जाऊन-येऊन पाच किलोमीटर, आणि त्यापुढे त्यांनी कंसात लिहिलं होतं: ‘गेले नाही. दीड वर्ष झालं.’ म्हणजे रोजचा प्रवास दोन-अडीच किलोमीटरच्या आतला. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक गाड्यांना एवढा पल्ला सहज जमतो. मुलगा मात्र ‘रेंज किती’ यावरच गाड्या तोलत होता.

वहीच्या शेवटच्या पानावरचे दोन आकडे मी स्वतः मोजून लिहिले, आणि सगळी निवड त्यांच्यावरच फिरली. घरापुढे तीन पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे एकूण अठरा इंच चढ. आणि सोसायटीच्या गेटचा उतार: साडेचार फुटांत नऊ इंच.

पायऱ्यांवर रॅम्प करायचा म्हटला तर एकास बाराच्या प्रमाणाने (एक इंच चढाला बारा इंच लांबी) अठरा इंचांना अठरा फूट लांबी लागते. पायऱ्यांपुढे मोकळी जागा अकरा फूट. वळणाचा रॅम्प केला तर दोन गाड्यांचं पार्किंग जातं, आणि त्यावर सोसायटीत जे झालं असतं ते मला बघायचं नव्हतं. त्यामुळे दुसरा निर्णय आपोआप झाला. गाडी घरात येणार नाही, पार्किंगमध्येच राहील. बाई कॅलिपरने तीन पायऱ्या उतरून तिच्यापर्यंत जातील. दोन्ही बाजूंना कठडा बसवायचा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर.

गेटचा उतार एकास सहा, म्हणजे साडेनऊ अंशांच्या आसपास. बऱ्याच लहान मोबिलिटी स्कूटरच्या माहितीपत्रकात सहा ते आठ अंशांपर्यंतचा चढच मान्य असतो. हे कुणी विचारत नाही आणि विकणारा आपणहून सांगत नाही.

समोरचे पर्याय

जॉयस्टिकची बॅटरी व्हीलचेअर आम्ही लवकर बाजूला ठेवली. तिचा खरा फायदा घरात होतो, आणि घरात बाई कॅलिपरने छान वावरतात. शिवाय त्यांनी स्पष्ट सांगितलं, “व्हीलचेअर म्हटलं की लोक माझ्याशी न बोलता मागे उभ्या असलेल्या माणसाशी बोलतात.” या वाक्याला मी वैद्यकीय कारणाइतकंच वजन दिलं.

व्हीलचेअरला पुढे जोडायचं बॅटरीचं चाक हा पर्याय मला वैयक्तिकरीत्या आवडतो. आयआयटी मद्रासमध्ये तयार झालेलं ‘निओबोल्ट’ २०२१ मध्ये आलं आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत जातं. तरुण, हातात जोर असलेल्या माणसाला ते फार सोयीचं. बाईंच्या डाव्या खांद्याला ते जोडणं-काढणं, हँडल पेलणं आणि आतल्या जागी चाकं हाताने ढकलणं हे तिन्ही वर्ज्य.

सरकारी योजनेतून मोटराइज्ड तिचाकी मिळते का, हे काकांनी चौकशी करून पाहिलं. त्या योजनेत तिचाकीसाठी ८० टक्के अपंगत्वाची अट आहे. बाईंच्या प्रमाणपत्रावर ६० टक्के. पेन्शनमुळे उत्पन्नाच्या अटीतही त्या बसत नव्हत्या. त्या चौकशीत दोन आठवडे गेले, पण ते वाया गेले असं मी म्हणणार नाही. जे पात्र आहेत त्यांनी तो रस्ता आधी धरावा.

उरल्या मोबिलिटी स्कूटर, आणि त्यातही तीन प्रकार. सुनेच्या मनात होती घडीची, लिथियम बॅटरीची. पंचवीस-तीस किलोची, कारच्या डिकीत मावणारी. “आई पुण्याला येतील तेव्हा सोबत आणता येईल,” हा तिचा मुद्दा खरा होता. मुलाला हवी होती मोठी, चार चाकांची, मोठ्या बॅटरीची. आणि बाईंना स्वतःला तीन चाकांची. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “माझी जुनी पण तशीच होती ना.” जुन्या गाडीला खरं तर चार चाकं होती. पुढे एक, मागे तीन. पण हँडलपुढे नजर टाकली की एकच चाक दिसतं, आणि डोळ्यांची सवय तीच.

तीन चाकांची गाडी कमी जागेत वळते आणि पाय ठेवायला पुढे मोकळी जागा जास्त मिळते. कॅलिपर घातलेला पाय पटकन दुमडत नाही, त्यामुळे ही जागा महत्त्वाची. चार चाकांची गाडी वळायला जास्त जागा घेते, पण तिरक्या उतारावर ती कलंडण्याची भीती कमी.

दारात आणून पाहणं

दुकानात गुळगुळीत फरशीवर सगळ्याच गाड्या छान चालतात. म्हणून आम्ही विक्रेत्यांना अट घातली: गाडी घरी आणायची, आम्ही सांगू त्या रस्त्यावर चालवून दाखवायची, टेम्पोचं भाडं आम्ही देऊ. एकाने फोनच उचलणं बंद केलं. दोघे तयार झाले. एका शनिवारी सकाळी तीन गाड्या सोसायटीच्या आवारात उभ्या होत्या आणि बाल्कन्या भरल्या होत्या.

घडीची गाडी पहिल्याच स्पीडब्रेकरवर अडकली. कोपऱ्यावरचा तो स्पीडब्रेकर कुठल्या नियमात बसणारा नव्हता. कोणीतरी रात्रीतून सिमेंट ओतून केलेला, उंच आणि अरुंद. गाडीची पुढची चाकं चढून पलीकडे गेली, पोट घासलं आणि मागची चाकं हवेत फिरत राहिली. बाई मध्ये बसलेल्या, शांतपणे म्हणाल्या, “आता?” काकांनी आणि मी मिळून उचलून काढलं. जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची जेमतेम दोन इंच होती. ही गाडी मॉलमध्ये, विमानतळावर, पुण्याच्या मोठ्या सोसायटीत उत्तम. जेल रोडच्या गल्लीत नाही. त्यात सिंहस्थाच्या तयारीसाठी ठिकठिकाणी रस्ते खोदलेले.

तीन चाकांची गाडी रस्त्यावर छान गेली. बाईंचा चेहरा खुलला होता. परत येताना गेटच्या उतारावर समोरून एक बाइक आली म्हणून त्यांनी हँडल जरा तिरकं वळवलं. एक मागचं चाक उचललं गेलं. फार नाही, चार बोटं. मी शेजारून चालत होते म्हणून खांदा धरला. कोणी काही बोललं नाही, पण गाडी पार्किंगमध्ये लावून बाई उतरल्या आणि स्वतःच म्हणाल्या, “ही नको.”

चार चाकांची मध्यम आकाराची गाडी गेट चढली, तिरकी केल्यावरही जमिनीला धरून राहिली, स्पीडब्रेकर पार झाला. आणि मग पार्किंगमध्ये तिला वळताच येईना. तिला वळायला साधारण दीड मीटरची त्रिज्या लागत होती आणि बाईंच्या जागेच्या निम्म्या भागात एक जुनी स्कूटर उभी होती. दोन्ही टायर बसलेले, सीटवर मांजरीची पिल्लं, सात-आठ वर्षं जागची न हललेली. वरच्या मजल्यावरच्या एका भाडेकरूची, जो कधीच घर सोडून गेला होता.

सोसायटी आणि पार्किंग

इथे मुलगा म्हणाला, मग तीन चाकांचीच घेऊ, सवय होईल. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात नाजूक क्षण हाच होता. गेट बदलता येत नव्हतं, पण पार्किंग बदलता येण्यासारखं होतं. जे बदलता येतं त्याच्यासाठी सुरक्षितता सोडायची नाही, एवढंच मी बोलले आणि गप्प बसले. पुढचं बाईंनी हातात घेतलं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन विषय होते: ती मृत स्कूटर आणि चार्जिंग. स्कूटरचा विषय पाच मिनिटांत संपला. जुन्या भाडेकरूला फोन लावला, त्याला ती आठवतही नव्हती. चार्जिंगवर मात्र तासभर चर्चा. कॉमन मीटरवर बोजा येईल, उद्या सगळे इलेक्ट्रिक गाड्या घेतील, आग लागेल. बाईंनी वही उघडली आणि गणित घातलं. बॅटरी २४ व्होल्ट, २० अँपिअर-तास. गुणाकार ४८० वॉट-तास. चार्जिंगमधली गळती धरून पाऊण युनिटच्या आत. युनिटला दहा रुपये धरले तरी एका पूर्ण चार्जिंगला साडेसात रुपये, आणि बॅटरी रोज तळाला जाणार नाही. महिन्याला दीड-दोनशे रुपये. ट्रेझरर त्यांचा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, “बाई, बसतो खाली.”

शेवटी वीज कॉमन मीटरवरून घेतलीच नाही. सगळ्यांचे मीटर पार्किंगमध्येच होते, तेव्हा बाईंच्या स्वतःच्या मीटरवरून पंधरा फूट वायर ओढून वेगळा एमसीबी (जास्त वीज ओढली गेली की आपोआप पडणारा स्विच) आणि झाकणाचा सॉकेट बसवला. सॉकेट चार फूट उंचीवर, कारण जुलैत पार्किंगमध्ये घोटाभर पाणी येतं. बसवायला वायरमनचा अर्धा दिवस गेला.

खरेदी

चार चाकांची तीच गाडी घेतली, सव्वा लाखाच्या थोडी वर. खरेदीत दोन गोष्टी तपासल्या. एक, बिलावर वर्गीकरण काय लावलंय. अपंग व्यक्तींची वाहनं एचएसएन (कर लावण्यासाठीचा मालाचा वर्ग-क्रमांक) ८७१३ मध्ये येतात आणि त्यांच्यावर जीएसटी ५ टक्के आहे. एका विक्रेत्याच्या पहिल्या कोटेशनवर १८ टक्के होता. विचारल्यावर दुरुस्त झाला. दोन, मोटारची शक्ती आणि कमाल वेग लेखी घेतला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत बॅटरीवरची गाडी ‘मोटार वाहन’ कधी धरायची नाही याच्या अटी आहेत. २५० वॉटपेक्षा कमी शक्ती आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग या त्यातल्या महत्त्वाच्या. आमची गाडी ताशी आठच्या वर जात नाही, आणि वॉटचा आकडाही मर्यादेत होता.

बॅटरी सीलबंद लेड-ॲसिड घेतली. लिथियम हलकी होती पण बरीच महाग, आणि बॅटरी उचलून घरात न्यायची नसल्यामुळे वजनाचा प्रश्न नव्हता. त्या वेळी हे तर्काला धरून वाटलं. याच्याकडे पुन्हा येते.

सराव, आणि तुळशीची कुंडी

मोबिलिटी स्कूटरला दुचाकीसारखा ब्रेकचा दांडा नसतो. हँडलखाली एक आडवी लिव्हर असते. उजवीकडून बोटांनी ओढली की गाडी पुढे, डावीकडून ओढली की मागे. सोडून दिली की मोटार थांबते आणि विद्युत-चुंबकीय ब्रेक आपोआप लागतो. कागदावर याहून सोपं काही नाही.

पण बाईंच्या बोटांत बावीस वर्षांची स्कूटर होती. पहिल्या दिवशी आवारात सरळ चालवत असताना एक पोरगा बॉलच्या मागे आडवा धावला. बाईंनी दचकून दोन्ही मुठी आवळल्या. स्कूटरवर आवळतात तशा. डावी मूठ जास्त जोरात, कारण मागचा ब्रेक तिकडे असायचा. गाडी टूं-टूं करत सरळ मागे निघाली. जितकी गाडी मागे जाई, तितकी त्या घाबरून मूठ आणखी आवळत. जोश्यांच्या तुळशीची कुंडी फुटली तेव्हा गाडी थांबली. माती, तुळस, बाईंची चप्पल. आणि बाई दोन्ही हात वर करून बसलेल्या, जणू कोणी पिस्तूल रोखलंय.

हा धोका मला माहीत होता. मी तो सांगितलाही होता. पण सांगणं आणि बोटांत उतरवणं यात फरक असतो, हे मी शिक्षिकेच्या घरी विसरले. त्यानंतर पंधरा दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. वेगाचं बटण कासवाच्या चित्रावर, आवारात पाण्याच्या बाटल्या मांडायच्या, आणि काका मधेच कुठूनतरी ओरडणार: “सोडा!” बाई दोन्ही हात उघडणार. ‘थांबा’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला नाही. थांबा म्हटलं की माणूस काहीतरी धरतो. दहाव्या-अकराव्या दिवशी हात ओरडण्याआधीच उघडायला लागले. जोश्यांना नवीन कुंडी दिली.

दुसरी चूक पूर्ण माझी. सीटची उंची, सीट बाजूला फिरवून उतरणं, बसल्यावर कॅलिपरचं लॉक उचलून गुडघा सोडणं, काठी अडकवायची जागा, सगळं तपासलं. हँडलचा कोन मात्र पाच मिनिटं बसवून ठरवला. पंधरा दिवसांनी बाई म्हणाल्या, खांदा आधीपेक्षा दुखतोय. वीस मिनिटं सलग चालवताना शेजारून चालत गेले तेव्हा दिसलं की दहाव्या मिनिटापासून डावं कोपर आर्मरेस्टवरून सुटतं आणि हात हवेत लटकतो. हँडल दोन खाचा जवळ घेतलं, डावा आर्मरेस्ट एक इंच वर केला. चालवायला उजवा हात पुरतो, डावा टेकवून ठेवायचा. तीन आठवड्यांत दुखणं पूर्वीच्या पातळीच्या खाली आलं.

नऊ महिन्यांनंतर

आठवड्यातले पाच दिवस गाडी निघते. भाजी, बँक, भजन. भाजीवाल्यांच्या ओळीतून बसल्या जागेवरून भेंडी निवडता येते याचं बाईंना कौतुक. पडणं एकदाही नाही. सकाळी वाचलेली शक्ती संध्याकाळी दिसते. काकांनी पाय ‘जाण्याची’ वाट पाहणं सोडून दिलंय. आता ते टायरची हवा बघतात.

मुक्तिधाम मात्र जमलं नाही. अंतराला बॅटरी पुरते, पण बिटको चौकाच्या दिशेचा मोठा रस्ता ताशी आठने कापणं म्हणजे ट्रक, बस आणि रिक्षांच्या मधून मुंगीच्या चालीने जाणं. एकदा सकाळी सहाला प्रयत्न केला, मी बरोबर होते, आणि अर्ध्यातून वळलो. आता महिन्यातून एकदा रिक्षाने जातात. वहीतल्या त्या कंसासाठी गाडी घेतली असती तर पैसे वाया गेले असते. जोराच्या पावसातही गाडी बाहेर काढत नाहीत. रिमझिम चालते, पण साचलेल्या पाण्यातून नेणं मोटारीला आणि कंट्रोलरला (मोटार चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला) परवडणारं नाही.

कांदे-बटाट्याची पाच किलोची पिशवी सीटच्या पाठीला अडकवून गेट चढताना गाडी मागे झुकल्यासारखी झाली, मागची छोटी आधारचाकं टेकली. तेव्हापासून वजन पुढच्या बास्केटमध्ये, आणि जड सामान दुकानदाराचा पोरगा आणून देतो.

आज पुन्हा करायचं तर

बॅटरीचा निर्णय मी वेगळा केला असता. दिवाळीला बाई-काका दीड महिना पुण्याला गेले. गाडी कव्हर घालून ठेवली, चार्जर काढून. जाताना बॅटरी निम्मी होती. लेड-ॲसिड बॅटरी अशी अर्धवट पडून राहिली की आतल्या प्लेटवर सल्फेट जमतं आणि क्षमता कायमची घटते. परत आल्यावर बँकेला जाऊन येईपर्यंत शेवटची रेघ लुकलुकायला लागली. बाहेरगावी जाताना पूर्ण चार्ज करून ठेवा आणि मध्ये कोणाला तरी पंधरवड्याने चार्जर लावायला सांगा, एवढं एक वाक्य मी लिहून द्यायला हवं होतं. विक्रेत्याच्या पुस्तिकेत ते होतं, इंग्रजीत, चौदाव्या पानावर. आणि वर्षातून दोनदा पुण्याला जाणाऱ्या माणसासाठी लिथियम बरी, कारण ती पडून राहणं जास्त सोसते, हे निवडताना माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी फक्त वजनाचा विचार केला.

गेटचा उतार सोसायटीकडून कमी करून घेण्याचा प्रयत्नही आम्ही केला नाही. पार्किंग बदलू शकतं हे सुचलं, गेट बदलू शकतं हे कोणालाच सुचलं नाही, मलाही नाही. आता मे महिन्यात रस्त्याचं काम होणार आहे, तेव्हा दोन फूट पुढून उतार धरता येईल का, हे ट्रेझरर विचारणार आहे.

पडून झिजलेल्या बॅटरीच्या जागी काय घ्यायचं हे अजून ठरलेलं नाही. लिथियम लावायची तर चार्जरही बदलावा लागेल, आणि कंट्रोलरला ती चालेल का, हे विक्रेत्याकडून लेखी मागितलंय. पुढची भेट पावसाळ्याआधी. बाईंनी वहीत तोपर्यंतच्या प्रश्नांसाठी दोन पानं राखून ठेवली आहेत. पहिला प्रश्न बॅटरीचा नाही. मागे घेताना वाजणारा तो टूं-टूं बंद करता येतो का, हा आहे. कारण तो वाजला की गल्लीतली पोरं कुल्फीवाला आला समजून खाली येतात.